जिंकोची बाटली देण्याआधी

बेळगाव

चि. मनाली हिस,
अनेक आशीर्वाद.

खानापूरच्या औषधांच्या काउंटरवर रोज दोन-तीन जण जिंको, म्हणजे स्मरणशक्तीसाठी म्हणून खपणारं जिंको झाडाच्या पानांचं औषध, मागतात म्हणालीस. 'इसरायला होतंय लई' म्हणत कुणी येतं, तर कुणी मोबाईलवर बाटलीचा फोटो दाखवतं. द्यायचं की नाही, असा तुझा प्रश्न. ते गिऱ्हाईक आधीपासून कुठल्या गोळ्या घेतंय, त्यावर ठरतं. म्हणून बाटलीला हात लावायच्या आधी विचार, 'रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे काय?' समोरचा कन्नड बोलणारा असेल तर 'रक्त तेळ्ळग आगो गुळिगी तगोतीरेनरी?' नाव बहुतेकांना आठवत नाही, तेव्हा पाकीटच आणायला सांग.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अपिक्साबॅन यातलं काही निघालं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जिंको देऊ नको. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे कण, एकमेकांना चिकटवणारा एक घटक असतो, प्लेटलेट अ‍ॅक्टिव्हेटिंग फॅक्टर. जिंकोतलं जिंकोलाइड-बी त्याला अडवतं. नेहमीच्या मात्रेत हा परिणाम किती होतो यावर वाद आहे, निरोगी माणसांवरच्या चाचण्यांत रक्त गोठण्यात फारसा फरक दिसलेला नाही. तरी जिंको घेणाऱ्यांना मेंदूत रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत, आणि आधीच रक्त पातळ केलेल्या म्हाताऱ्या माणसावर तो वाद सोडवायची जागा आपलं दुकान नव्हे. मोतीबिंदू, दाढ काढणं, कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल तर 2 आठवडे आधी बंद करायला सांग आणि सर्जनला कळवायला लाव.

फिट येणाऱ्यांना तर मुळीच नको. या झाडाच्या बियांत जिंकोटॉक्सिन असतं, ते शरीरात बी-6 जीवनसत्त्वाच्या कामात खोडा घालतं आणि फिट येते. पानात ते कमी असतं, पण व्हॅल्प्रोएट किंवा फेनिटोइन या फिटच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला तेवढीही जोखीम कशाला? गरोदर बाईलाही नाही.

आता लेबल. पुढच्या बाजूचं 'मेमरी' आणि मेंदूचं चित्र सोड, बाटली फिरवून बारीक अक्षर वाच. ज्यावर खरे अभ्यास झाले तो अर्क प्रमाणित असतो: पानातले कामाचे घटक म्हणजे फ्लेव्होन ग्लायकोसाइड 24 टक्के आणि टर्पीन लॅक्टोन 6 टक्के, आणि नको असलेलं जिंकोलिक अ‍ॅसिड दहा लाखांत 5 भागांपेक्षा कमी. सरासरी 50 किलो सुक्या पानांतून 1 किलो अर्क निघतो. म्हणजे 120 मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण 6 ग्रॅम पानांचा ऐवज. बाटलीवर नुसतं 'जिंको पान चूर्ण 120 मिलिग्रॅम' असेल तर ते त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढंच, आणि दर मात्र अर्काचा! शंका आली तर एक कॅप्सूल पांढऱ्या कागदावर उघड. हिरवट, तंतू असलेला चुरा दिसला तर पानच दळून भरलंय. अर्क पिवळट-तपकिरी, मऊ असतो. मात्र रंग बरोबर दिसला म्हणून माल अस्सल ठरत नाही. दुसऱ्या झाडांतून काढलेलं रुटिन नावाचं स्वस्तातलं फ्लेव्होन ग्लायकोसाइड मिसळून 24 चा आकडा गाठणारे आहेत. टर्पीन लॅक्टोनचा 6 चा आकडा त्यांना गाठता येत नाही, म्हणून लेबलवर तो नसला की मी बाटली परत पाठवतो.

जिंकोलिक अ‍ॅसिडचं एवढं काय, असं वाटेल. ते काजूच्या टरफलातल्या तेलाचं आणि आपल्या बिब्ब्याचं भावंड. बिब्बा उतला की अंगाचं काय होतं ते तुला सांगायला नको. कच्च्या पानांचा काढा करून पिणाऱ्यांना हे जिंकोलिक अ‍ॅसिड थोडं-थोडं पोटात जातं, म्हणून चहा-काढ्याचा माल आपण ठेवत नाही.

एवढं सगळं बघून दिल्यावर उपयोग किती? विसरभोळेपणा होऊ नये म्हणून घेणाऱ्याला नाही. अमेरिकेत 75 आणि त्यापुढच्या 3069 माणसांना सरासरी 6 वर्षं दिवसाला दोनदा 120 मिलिग्रॅम किंवा खोटी गोळी दिली. 2008 साली निकाल आला: डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, दोन्हीकडे सारखाच. ज्यांना डिमेन्शिया झालाय, सोबत चिडचिड, बेचैनी आहे, त्यांना रोज 240 मिलिग्रॅमने थोडं बरं वाटल्याचे काही अभ्यास आहेत. तेही दोन वेळा वाटून, कारण हे घटक काही तासांत अंगातून निघून जातात. किमान 8 आठवडे द्यावं लागतं, आणि 3 महिन्यांत फरक नसेल तर पुढे कशाला, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

निपाणी भागातून येणारे पायासाठी मागतात. 'थोडं चाललं की पोटरी धरते, थांबलं की सुटते.' ही पायाची रक्तवाहिनी आकसल्याची खूण, आणि त्यामागे बहुतेक वेळा विडी-तंबाखू आणि साखर. जिंकोने चालण्याचं अंतर कामापुरतं वाढत नाही. तंबाखू सोडणं आणि चालणं याने वाढतं: पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा. पायाचं बोट काळं पडलं असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठव.

विसरायला होतंय म्हणणाऱ्यांच्या पिशवीत झोपेची गोळी आहे का बघ. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 तपासायला सांग. त्याच्या कमतरतेने विसरही पडतो, मुंग्याही येतात, आणि ते इंजेक्शनने सुधारतं. थायरॉइडही तपासून घ्यायला सांग.

ब्राह्मीसारखंच का, असं विचारतात. नाही, हे झाड चीनचं, आपल्या जुन्या वैद्यकात नाही. तसं सांगितलं की काहीजण बाटली ठेवून जातात. जाऊ दे.

रविवारी येताना मागच्या लॉटमधल्या दोन बाटल्या घेऊन ये. त्यांवर टर्पीन लॅक्टोनचा आकडा आहे का, मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

तुझे,
बाबा