नारिंगी केबलला हात लावण्यापूर्वी

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

फिनिक्स, ॲरिझोना
११ जुलै २०२५

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजात एसी थंड करत नाही म्हणून पहिलीच हायब्रिड गाडी आली आहे आणि सोमवारी तुम्ही तिचा गॅस भरणार आहात, असे आईने काल फोनवर सांगितले. फोनवर घाईत निम्मे राहून जाते, म्हणून हे पत्र लिहून त्याचा फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवत आहे. माझी कळकळीची विनंती आहे की हे वाचून होईपर्यंत त्या गाडीचा एकही जोड खोलू नये.

माझ्या हायब्रिड गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर गेल्या महिन्यात गेला. त्याचे मूळ गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आहे. तेव्हा पाइपच्या एका जोडातून गॅस झिरपत होता. जवळच्या वर्कशॉपमध्ये ओ-रिंग बदलली, व्हॅक्यूम मारला आणि गॅसबरोबर बेल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला घालतात तेच पीएजी ऑइल घातले. गाडी उत्तम थंड झाली, म्हणून मीही समाधानाने घरी आलो. या जूनमध्ये, बाहेर ४४ अंश तापमान असताना, सिग्नलला उभा असताना जाळीतून एकाएकी गरम हवा येऊ लागली, समोर धोक्याचा त्रिकोण पेटला, आणि घरी आल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच झाली नाही.

यातले कारण तुम्हाला लगेच पटेल. आपल्या नेहमीच्या कॉम्प्रेसरला इंजिन बेल्टने फिरवते, तर हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसरच्या पोटातच विजेची मोटर असते आणि ती मोठ्या बॅटरीवर, माझ्या गाडीत सुमारे २०० व्होल्टवर, चालते. म्हणूनच इंजिन बंद असतानाही एसी चालू राहतो. त्या मोटरचे तांब्याचे वाइंडिंग गॅस आणि ऑइल यांच्यातच भिजलेले असते. त्यामुळे तिथले ऑइल वीज अडवणारे, म्हणजे पीओई जातीचे आणि कंपनीने सांगितलेलेच असावे लागते. पीएजी थोडे जरी मिसळले तरी वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातले इन्सुलेशन ढासळते, मग गाडीचा संगणक वीज बॉडीत गळत असल्याचे ओळखतो आणि सुरक्षेसाठी गाडी सुरूच होऊ देत नाही. ज्या मिस्त्रीने शेवटी काम केले त्याने मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचे मीटर, लावून मला तो आकडा दाखवला, तेव्हा एवढ्याशा ऑइलने काय केले हे डोळ्यांनी दिसले.

नुकसान कॉम्प्रेसरपुरते थांबले नाही. चुकीचे ऑइल कानाकोपऱ्यांत राहते आणि धुऊन पूर्ण निघत नाही, म्हणून कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, पाइप आणि डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइलही नवी घालावी लागली. तुमच्या गॅस भरण्याच्या मशीनच्या नळ्यांत वर्षानुवर्षांचे पीएजी आहे, त्यामुळे ऑइलचा नवा डबा आणला तरी तीच मशीन लावली तर व्हायचे तेच होईल. या गाड्यांसाठी मशीन वेगळीच हवी. लिकेज बंद करणारे कोणतेही औषध तर आत जाऊच देऊ नये.

त्या मिस्त्रीची कामाची पद्धत मी शेजारी उभा राहून पाहिली. त्याने रबरी हातमोजा तोंडाकडून गुंडाळत नेला, आत हवा कोंडली आणि कुठून सुटते का हे गालाजवळ धरून पाहिले. मग मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवला, जेणेकरून दुसरा कुणी तो चुकून बसवू नये. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरांत साठलेली वीज उतरावी म्हणून १० मिनिटे तो नुसता उभा राहिला, आणि मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री केल्यावरच त्याने मोठ्या व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावला. आबा, तुम्ही उघड्या हातांनी काम करता आणि बोटांना जोड कळतो असे म्हणता, ते मला ठाऊक आहे. इथे मात्र ती सवय जिवावर बेतू शकते.

त्या गिऱ्हाइकाला एक गोष्ट जरूर सांगा. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी पंखा आतलीच हवा ओढतो, तेव्हा एसी बंद असताना भर उन्हात गाडी फार चालवू नये आणि मागच्या सीटजवळची जाळी सामानाने झाकू नये. तूर्त ती गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच पाठवावी. एक गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

गणपतीला माझे एक सहकारी कोल्हापूरला येत आहेत. त्यांच्याबरोबर १००० व्होल्टपर्यंत चालणारे हातमोजे आणि त्यांवरचे चामड्याचे मोजे पाठवतो. रबरी मोजे दर ६ महिन्यांनी तपासून घ्यावे लागतात, त्याची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. आईकडून उजव्या हाताच्या तळव्याचा घेर, अंगठा सोडून, दोऱ्याने मोजून घ्या आणि इंचांत कळवा, म्हणजे मी बरोबर मापाचे घेईन.

आईस साष्टांग नमस्कार.

आपला,
बाळू