टीबी चॅम्पियनना प्रवासखर्च तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बार्शी तालुक्यातली. सहा महिने टीबीची औषधं एकही दिवस न चुकवता घेतली आणि बरी झाले. मग 'टीबी चॅम्पियन'चं, म्हणजे स्वतः बरं होऊन इतर रुग्णांना भेटून धीर देण्याचं, प्रशिक्षण घेतलं. थुंकीची तपासणी, औषधांचे दुष्परिणाम हे सगळं तिथं शिकवलं. अवघड गेलं ते स्वतःची गोष्ट सांगणं. ती किती सांगायची आणि कुठं थांबून समोरच्याला बोलू द्यायचं, हे शिकावंच लागतं.

गेल्या महिन्यात एक नवी सून भेटली. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लालसर झाली, म्हणून घाबरून तिनं त्या पिठाच्या डब्यामागं लपवल्या होत्या. त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधानं तसं होतं, माझंही झालं होतं, एवढं म्हटल्यावर तिला रडूच फुटलं. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमचंपण ताट वेगळं ठेवायचे?" ठेवायचे. जर्मनचं, कडेला चेपलेलं. तेही सांगितलं. त्या संध्याकाळपासून तिनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

सरकार रुग्णाला पोषणासाठी महिन्याला १००० रुपये देतं, त्याचा मोठा आधार होतो. पण आमच्या गटातल्या नऊ जणींपैकी आता तिघीच उरल्या आहेत. एसटीचं तिकीट अर्धं असलं तरी पदरचंच जातं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. आम्हाला प्रवासखर्च, ठरलेलं मानधन आणि वर्षातून एकदा उजळणी मिळावी, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

– एक टीबी चॅम्पियन, ता. बार्शी, जि. सोलापूर