‘असायची’, ‘करायची’मध्ये हरवलेली आई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाचकांच्या घरगुती आठवणी छापून येतात. त्यांतल्या बऱ्याचशा एकाच जागी अडतात, ती म्हणजे क्रियापद. ‘आई पहाटे उठायची, सगळ्यांचं करायची, कधी चिडायची नाही.’ रीतिभूतकाळात रोजचा क्रम सांगता येतो, घटना सांगता येत नाही. अशी दहा वाक्यं झाली की ती आई कुणाचीही होते.

मसुदा हातात घेऊन प्रत्येक ‘-यची’, ‘-यचे’, ‘असे’ पेन्सिलीने अधोरेखित करावे. पानभरात तीन-चारांहून जास्त निघाले, तर एकच दिवस निवडून ‘उठली’, ‘म्हणाली’, ‘दार लोटलं’ असा साधा भूतकाळ आणावा. ‘कधी चिडायची नाही’ हे वाक्य खोडताना ती चिडली होती तो दिवस बहुधा आठवतोच. लेख तिथून सुरू करावा. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ ही विशेषणं मग आपोआप गळतात.

दिवस सापडत नसेल तर आधी घराचा नकाशा काढावा, ओबडधोबड चालेल. दार कोणत्या बाजूला उघडे, कोण कुठे झोपे, दिव्याच्या बटणापर्यंत कुणाचा हात पोचत नसे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘तुमचं बालपण कसं होतं?’ विचारलं की ‘चांगलं होतं’ एवढंच उत्तर मिळतं. ‘दारातून आत आलं की डाव्या हाताला काय होतं?’ असं विचारून पाहावं. एका बैठकीला पाऊण तास पुरे, त्यापुढे माणूस थकतो आणि ठरावीक किस्से सुरू होतात.

‘मी दीड वर्षाची असताना’ म्हणून जे लख्ख आठवतं, ते बहुधा ऐकलेलं किंवा फोटोत पाहिलेलं असतं. साधारण तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना फारसं आठवत नाही. तिथे ‘असं सांगतात’ हे दोन शब्द घालावेत. भावंडांच्या हकिगती जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात. तडजोड करून तिसरी बनवली की ती कुणाचीच राहत नाही. साल मात्र पत्रावरच्या टपाल-शिक्क्यावरून किंवा फोटोच्या पाठीवरून ताडून घ्यावं. (त्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, वळ पुढे चेहऱ्यावर उमटतात.)

आणखी एक. ‘अण्णा’, ‘माई’, ‘ताई’ म्हणजे कोण, हे घराबाहेरच्या वाचकाला ठाऊक नसतं. पहिल्या उल्लेखातच नातं सांगावं.

विनंती एवढीच की सदराच्या चौकटीत नुसतं ‘आठवणी पाठवा’ न छापता ‘एकच दिवस, 400 शब्द, जास्तीत जास्त तीन माणसं’ असं छापावं. खाली एक ओळ अशीही असू द्यावी: ‘ज्यांच्याविषयी लिहिलं आहे ते हयात असल्यास मजकूर त्यांना दाखवला आहे का?’

आपली,
हस्तलिखितं तपासणारी एक वाचक