गाईडमधलं इंग्रजी आणि गॅरेज

स.न.वि.वि.,

हर्णै बंदरात माझं बोटींच्या इंजिनांचं गॅरेज आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे आमचा हंगाम. हाताखाली बारावीची पोरं असतात. त्यांच्या गाईडात 'टेक अपार्ट' म्हणजे 'वेगळे करणे', बस्स. मग क्रिकेटच्या इंग्रजी बातमीत एका संघाने दुसऱ्याला 'टेक अपार्ट' केलं की पोरं चक्रावतात! अहो, धुव्वा उडवला. टीकाकाराने कुणाचा मुद्दा 'टेक अपार्ट' केला, म्हणजे चिरफाड केली.

फ्युएल पंप खोलताना मी फडक्यावर एकेक पार्ट ओळीने मांडतो, वायसर हरवला की बोंब. पाना लावून, क्रमाने, मुद्दाम खोलणं म्हणजे 'टेक अपार्ट'. गंजलेल्या सायलेन्सरचे हात लावताच आपोआप तुकडे तुकडे होतात, ते 'फॉल अपार्ट'. आणि 'टेक द पंप अपार्ट', 'टेक अपार्ट द पंप' दोन्ही चालतं. पण 'इट' आलं की मधेच बसवायचं, 'टेक इट अपार्ट'. हे गाईडात कुठेय?

पेपर काढणाऱ्यांनी अर्थाच्या जोड्या लावायला देण्यापेक्षा वाक्यं लिहायला सांगावीत. तपासायला वेळ लागेल, लागू दे.

– एक इंजिन मेकॅनिक, हर्णै (ता. दापोली)