कार्बनचे इंधन करताना विजेचाही हिशेब द्या

संपादक महोदय,

चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड विजेने फोडून त्यापासून सिनगॅस, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचे मिश्रण, तयार करण्याच्या बातम्या हल्ली वारंवार येतात. २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उशाशी असलेल्या चंद्रपुरात अशी बातमी वाचली की आशा वाटतेच. तंत्र खरे आहे. चांदीच्या कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकाच्या पट्टीवर, कार्बन मोनॉक्साइड मिळतो, सोबत पाण्यातून हायड्रोजन सुटतो, आणि त्या मिश्रणापासून मिथेनॉल किंवा डिझेल करता येते. जर्मनीत मार्ल येथे एव्होनिक आणि सीमेन्स या कंपन्यांनी तर असा वायू जिवाणूंना देऊन त्यांच्याकडून रसायने करून घेण्याचा प्रकल्प हाती घेतला.

पण वीज किती लागली आणि ती आली कुठून, हे बातमीत क्वचितच असते.

एक किलो कार्बन मोनॉक्साइड करायला १.५७ किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. सेल, म्हणजे वायू विजेने फोडण्याचे उपकरण, तीन व्होल्टवर चालला आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही, तरी त्यासाठी ५.७ युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडवरील एका युनिटमागे, सगळ्या प्रकारची वीज धरून, सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दीड किलो वायू वापरण्यासाठी चार किलो सोडायचा! यात हायड्रोजनची वीज धरलेली नाही, चिमणीतला वायू वेगळा काढण्याचा खर्चही नाही.

‘मग सौर वीज वापरू’ असे उत्तर मिळते. तेही तपासून पाहावे. सौर विजेचे एक युनिट ग्रिडला देऊन तेवढा कोळसा वाचवला, तर एक किलोच्या आसपास वायू हवेत जायचा टळतो. तेच युनिट सेलमध्ये घातले तर जेमतेम पाव किलो वापरला जातो. कोळसा जळत असेपर्यंत सौर विजेची जागा ग्रिडवरच आहे. दुपारी ग्रिडला नकोशी झालेली वीज तेवढी सेलला द्यावी.

सिमेंटची गोष्ट मात्र वेगळी. तिथे चुनखडी भाजतानाच कार्बन डायऑक्साइड सुटतो, इंधन कितीही स्वच्छ असले तरी. आमच्या जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत, आणि मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडून वापरण्यावर राष्ट्रीय केंद्र आहे. या संशोधनाचा पैसा आणि बुद्धी आधी सिमेंटकडे वळावी. आपल्या वार्ताहरांनाही विनंती, की अशा प्रकल्पाची बातमी देताना किलोमागे किती युनिट आणि कोणती वीज, हे विचारून छापावे.

— एक वाचक, चंद्रपूर