आगसूचक यंत्रणा जिवंत ठेवणे हे इमारत मालकाचेच काम : सोलापूर महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका, सोलापूर.

विषय : इमारतींतील आगसूचक यंत्रणेची देखभाल व चाचणी आणि त्याबाबत मालकांची जबाबदारी.

सविनय नमस्कार.

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ माणसे गेली. मालकाच्या घरचे लोक होते, कामगार होते, लहान मूलही होते. त्या घटनेच्या चौकशीचा विषय मी या पत्रात आणत नाही. त्या पहाटेनंतर मात्र या शहरातल्या प्रत्येक इमारत मालकाला एक प्रश्न विचारणे भाग आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार कायद्याने आपल्या प्रशासनाला दिलेला आहे : तुमच्या इमारतीत रात्री तीन वाजता धूर झाला, तर आत झोपलेल्या माणसाला जाग येईल का?

आपल्याकडे हा प्रश्न इतर शहरांहून अधिक गंभीर आहे. पूर्व भागात कारखाना आणि घर एकाच छपराखाली असणे ही पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. खाली माग, वर बिऱ्हाड, मधे सुताचे कोन आणि तयार चादरींचे गठ्ठे रचलेले, आणि वर जायला एकच जिना. सूत पेटले की ज्वाळा दिसण्याआधी धूर वर चढतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच त्याचा जीव गुदमरतो. तिथे वेळेवर वाजणारा भोंगा हीच जगण्याची संधी असते, कारण अग्निशमन दलाची गाडी कितीही तत्परतेने निघाली तरी पहिली काही मिनिटे आतल्या माणसांची स्वतःचीच असतात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा डिसेंबर २००८ पासून राज्यात लागू आहे. त्याच्या कलम ३ ने आगविषयक यंत्रणा बसवण्याची आणि ती सदैव चालू व कार्यक्षम स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्यावर, टाकली आहे. त्यासाठी दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला फॉर्म बी म्हणतो ते, सादर करायचे असते. जबाबदारी कोणाची याविषयी कायद्यात संदिग्धता नाही. परवानाधारक संस्था तपासणी करते आणि सही देते, पण तिच्या सहीमुळे मालक मोकळा होत नाही.

प्रत्यक्षात काय घडते, ते मी नवी पेठेतल्या एका व्यापारी संकुलाचा पदाधिकारी म्हणून पाहिले आहे. आमच्याकडे खाली कापडाची दुकाने, पहिल्या मजल्यावर दवाखाने आणि वर मुलांची अभ्यासिका आहे. मागच्या एका खेपेला फॉर्म बी देण्यासाठी आलेल्या माणसाने जिन्याखालच्या आगसूचक यंत्रणेच्या नियंत्रण पॅनेलची किल्ली फिरवली, भोंगा एकदा वाजवला, मोबाइलवर दोन फोटो काढले आणि तो निघाला. शिडी आणली नव्हती, वरच्या मजल्यावर तो गेलाही नाही. त्याच पॅनेलवर ‘फॉल्ट’चा पिवळा दिवा जळत होता आणि त्यासोबत वाजणारा बझर कोणीतरी कायमचा बंद करून ठेवला होता. झाकण उघडून पाहिले तेव्हा बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढलेला होता आणि बॅटरीची कड फुगली होती. अभ्यासिकेबाहेरच्या स्मोक डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळी चढवलेली प्लास्टिकची टोपी तशीच होती. त्या टोपीखाली कितीही धूर कोंडला तरी आत काही कळणार नव्हते. प्रमाणपत्र मात्र दुसऱ्या दिवशी आले आणि त्यात सर्व यंत्रणा सुस्थितीत असल्याचे लिहिले होते. ते आम्ही परत पाठवले आणि दुसऱ्या संस्थेकडून काम करून घेतले. पण जिथे कोणी झाकण उघडून पाहत नाही, तिथे असाच कागद फाइलला लागत असेल, ही भीती मला हे पत्र लिहायला लावते आहे.

पॅनेलवरून भोंगा वाजवला की फक्त भोंगा चालतो एवढेच सिद्ध होते. छतावरचे डिटेक्टर धूर ओळखतात की नाही, हे प्रत्येक डिटेक्टरपाशी चाचणीचा धूर सोडूनच कळते. डिटेक्टरच्या आत एका अंधाऱ्या कप्प्यात प्रकाशाचा झोत असतो, धूर आत शिरला की तो प्रकाश विखुरतो आणि त्यावरून इशारा जातो. पण धुळीनेही प्रकाश विखुरतो. मागाच्या शेडमध्ये हवेत सतत उडणारा कापसाचा तंतू त्या कप्प्यात जमतो आणि आग नसताना भोंगा वाजू लागतो. दोन-तीनदा खोटा इशारा झाला की मुकादम वैतागून यंत्रणाच बंद करतो. दोष कापसाचा नाही आणि मुकादमाचाही नाही. अशा ठिकाणी कोणत्या प्रकारचे डिटेक्टर हवेत आणि ते किती दिवसांनी साफ करायचे, हे ठरवून त्याप्रमाणे खर्च करणे हे मालकाचे काम आहे आणि ते केले जात नाही. आगसूचक यंत्रणेची निवड, बसवणी आणि देखभाल यांसाठी आय. एस. २१८९ हे भारतीय मानक उपलब्ध असताना हे प्रत्येकाच्या मर्जीवर सोडण्याचे कारण नाही. शिवाय माग चालू असताना त्या आवाजात भोंगा ऐकूच येत नाही. तिथे लुकलुकणारा दिवाही हवा, आणि वरच्या बिऱ्हाडात, झोपायच्या खोलीपाशी, वेगळा भोंगा हवा.

बॅटरीबद्दल एक मुद्दा खास सोलापूरचा आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही जास्त. या उष्णतेने पॅनेलमधल्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. शॉर्ट सर्किट झाले की आधी वीज जाते आणि यंत्रणा नेमकी त्या क्षणी बॅटरीवर येते. म्हणून जुलैच्या प्रमाणपत्राआधी मुख्य वीज बंद करून पूर्ण यंत्रणा बॅटरीवर चालवून पाहणे या शहरात सक्तीचे असावे, असे मला कळकळीने वाटते.

मालक म्हणजे नेमका कोण, हा वाद जिथे पेटतो तिथे देखभाल हमखास बुडते. गाळे विकले गेलेले असतात, बिल्डरने अभिहस्तांतरण, म्हणजे इमारतीची मालकी कायदेशीरपणे हस्तांतरित, केलेले नसते, गाळेधारक भाडेकरूकडे बोट दाखवतो आणि भाडेकरू गाळेधारकाकडे. कायद्याने मालक आणि भोगवटादार दोघांनाही धरले आहे, तेव्हा आपली नोटीस दोघांनाही एकाच वेळी जावी. खर्च कोणी किती उचलायचा ते त्यांनी आपसात ठरवावे. त्या भांडणासाठी वर अभ्यासाला बसलेल्या मुलांचा जीव टांगणीला लागू नये. रुग्णालयांच्या बाबतीत तर एक दिवसाचाही अवधी देऊ नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा नवजात बालके दगावली. जी माणसे स्वतःच्या पायाने बाहेर येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी इशारा मिनिटभर आधी मिळणे म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळे सांगायला नको.

माझ्या मागण्या नवा कायदा करण्याच्या नाहीत. फॉर्म बी स्वीकारताना त्यासोबत चाचणीची नोंद मागावी : कोणत्या मजल्यावरचा कोणता डिटेक्टर कोणत्या दिवशी तपासला, बॅटरीवर यंत्रणा किती वेळ चालली, कोणते दोष निघाले आणि ते कधी दुरुस्त झाले. त्या नोंदीवर संस्थेच्या तंत्रज्ञाबरोबर मालकाचीही सही असावी, म्हणजे ‘मला माहीत नव्हते’ असे नंतर म्हणता येणार नाही. ज्या इमारतींनी प्रमाणपत्र दिले आणि ज्यांनी दिले नाही, त्यांची प्रभागनिहाय यादी महापालिकेच्या संकेतस्थळावर लावावी. मुलीला क्लासला पाठवणाऱ्या आईला त्या इमारतीने प्रमाणपत्र दिले आहे की नाही, हे पाहता आले पाहिजे. आणि अग्निशमन विभागाने दर महिन्याला काही इमारतींत पूर्वसूचना न देता जाऊन, स्वतःसमोर एक डिटेक्टर आणि हाताने इशारा देण्याचे एक बटण तपासून पाहावे. चुकीचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा परवाना रद्द करण्याची शिफारस अग्निशमन सेवा संचालनालयाकडे पाठवावी. नोटिशीला दाद न देणाऱ्या मालकाची वीज आणि पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार कायद्यात आहेत. ते वापरताना प्रशासनाने कचरू नये.

अग्निशमन विभागावर कामाचा किती भार आहे याची मला जाणीव आहे, म्हणूनच सगळे शहर एकदम हाती घ्यावे असे मी म्हणत नाही. पुढच्या जानेवारीत सुरुवात अक्कलकोट रस्ता एमआयडीसी, पूर्व भागातले राहते कारखाने, रुग्णालये आणि नवी पेठेतल्या अभ्यासिका यांपासून करावी, आणि जिथे एमआयडीसीचा अधिकार चालतो तिथे त्यांच्या अग्निशमन यंत्रणेला सोबत घ्यावे. आमच्या संकुलाची चाचणी-नोंदवही, दुरुस्तीची बिले आणि परत पाठवलेल्या त्या प्रमाणपत्राची प्रत मी आपल्या कार्यालयात या पत्रासोबत जमा करत आहे. तपासणीसाठी आपले अधिकारी आमच्याकडे न कळवता कधीही येऊ शकतात.

आपला विश्वासू,
नवी पेठेतील एक गाळेधारक, सोलापूर