बाबा, बाहेर बाकावर बसायचं नाही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "ते ॲमस्टरडॅममधलं व्हॅन गॉगचं म्युझियम तुम्ही दोघं बघून या, आम्ही बाहेर बाकावर बसतो. आम्हाला चित्रातलं काय कळतंय!" आईनेही मागून हो म्हटलं. फोनवर हुज्जत घालून तुमच्यापुढे माझं कधी चाललंय? म्हणून लिहितेय.

आई, आधी तुझं. साडीवर ब्लाउजपीस घेताना तू दुकानातल्या ट्यूबलाइटवर कधी विसंबली नाहीस. कापड साडीला लावून दारात उजेडात न्यायचीस. एकटं असताना झकास दिसणारं मोरपंखी साडीशेजारी मळकट दिसलं की सरळ परत. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं बनत, तिथे रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्रल यांच्याकडे विणकर अशीच तक्रार घेऊन आले होते: काळा धागा फिका दिसतो. शेव्रलनी तपासलं तर धागा चोख होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका दिसत होता. या शोधावर त्यांनी १८३९ साली अख्खा ग्रंथ लिहिला. तू गांधी चौकातल्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून तेच करत होतीस.

डच चित्रकार व्हॅन गॉगने रंगांचं हे शास्त्र पुस्तकांतून वाचून काढलं होतं. त्याच्याकडे एक लाल डबी होती, तिच्यात लोकरीचे लहान लहान गुंडे. एकेका गुंड्यात वेगवेगळ्या रंगांचे धागे एकत्र गुंडाळलेले. कोणत्या रंगाला कोणाचा शेजार दिला की तो उठून दिसतो, हे तो त्यावर ताडून बघायचा. ती डबी आजही म्युझियमच्या संग्रहात आहे. तुझ्या विणकामाच्या पिशवीत असे गुंडे किती निघतील!

त्याच्या झोपायच्या खोलीचं चित्र आहे, १८८८ मधलं. त्यात भिंती निळ्या दिसतात, पण भावाला लिहिलेल्या पत्रात तो त्यांना फिकट जांभळ्या म्हणतो. रंगातला लाल उजेडाने उडाला आणि निळा मागे राहिला. पिवळ्या पलंगाला जांभळ्या भिंतीचा शेजार त्याने विचार करून दिला होता, कारण पिवळा आणि जांभळा एकमेकांच्या विरुद्ध असल्याने दोघंही खुलतात. तो हिशेब आता बिघडलाय. मला विचाराल तर निळी खोलीही छान वाटते, पण ती त्याने रंगवलेली खोली नव्हे. 'सूर्यफुलां'मधला पिवळाही उजेडाने काळवंडत गेलाय. शिवाय त्यातले रंगाचे थर नाजूक आहेत, हादरे आणि हवेतला बदल सोसत नाहीत, म्हणून ते चित्र आता दुसऱ्या गावी प्रदर्शनाला पाठवत नाहीत.

बाबा, आता बोरू. तुम्ही शाळेत बोरूने कित्ते गिरवलेत, टोक कसं तिरकं कापायचं ते मला चाकू घेऊन दाखवलंत. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला आर्लला असताना तिथलाच बोरू कापून शाईने चित्रं काढली. बोरूत शाई थोडीच राहते, त्यामुळे रेघ लांब ओढता येत नाही; सुरुवातीला भरलेली आणि शेवटी कोरडी पडते. त्याने त्याचाच फायदा करून घेतला. शेतात आखूड आडव्या रेघा, झुडपांना गोल वळसे, लांबच्या रानात नुसते ठिपके, तेही मागे जाल तसे बारीक होत गेलेले. रंगाचा थेंब नाही, तरी गवत कुठे संपतं आणि नांगरट कुठे लागते ते कळतं. कागदावरची ही चित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून नेहमी बाहेर मांडत नाहीत. नसली तर गव्हाच्या शेतावर कावळे उडताहेत त्या तैलचित्रासमोर उभे राहा. ब्रशचा एकेक फटकारा वेगळा दिसतो. हात बोरूवालाच आहे. तो किती झरझर चाललाय ते तुम्ही माझ्याआधी सांगाल.

'बटाटे खाणारे' (१८८५) बघून आई म्हणेल, काय हे काळपट! ते मुद्दाम आहे. न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्याचा रंग त्याला हवा होता. तरी मला ते चित्र अजून रुचलेलं नाही, चेहरे फार ओढूनताणून केल्यासारखे वाटतात. त्याच्या एका चित्रकार मित्रानेही तेव्हा नावं ठेवली होती, म्हणजे मी एकटी नाही.

माझं लाडकं चित्र वेगळंच आहे. १८८२ चा शेव्हेनिंगनचा समुद्र, हेगजवळचा. वादळी हवेत त्याने तो किनाऱ्यावरच रंगवला. वाळू उडून ओल्या रंगात बसली. त्याने ती खरवडून काढली, पण काही कण राहिले ते राहिलेच. २००२ मध्ये हे चित्र चोरीला गेलं आणि २०१६ मध्ये थेट इटलीत, नेपल्सच्या बाजूला सापडलं. एवढा प्रवास करूनही ती वाळू रंगात आहे! त्याच्यासमोर सरळ उभं न राहता थोडं बाजूला सरकून बघायचं. म्हणजे जाड रंगाच्या कडांवर उजेड पडतो आणि लाटांचा खडबडीतपणा डोळ्यांना कळतो. हात मात्र लावायचा नाही. आई, हे तुला सांगतेय. पैठणी चाचपून बघायची सवय इथे चालायची नाही. आणि जवळचा चष्मा पर्समध्येच ठेव, घरी विसरू नकोस.

गुडघ्यांचं म्हणाल तर आत लिफ्ट आहे आणि बसायला बाकंही आहेत. बाबांना बाकच हवा असेल तर तो चित्रासमोरचा मिळेल. तिकिटं आधीच ठरावीक वेळेची काढावी लागतात. सकाळची पहिली वेळ घेऊ की जेवून जाऊ, ते रविवारी फोनवर सांगा. जेवल्यावर बाबांचा डोळा लागतो, म्हणून माझं मत सकाळला.

तुमची,
धाकटी